उपग्रह प्रतिमांच्या आधारे पीक व भूमी उपयोजनाचे सनियंत्रण : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पीक क्षेत्राचे अनुमान, दुष्काळ निर्धारण, पीक विमा आणि भूमी उपयोजनाचे नकाशे या चारही क्षेत्रांत उपग्रह प्रतिमांचा वापर आता शासकीय व्यवहाराचा भाग झाला आहे. उपग्रहाचा संवेदक मात्र पीक पाहत नाही, तो भूपृष्ठावरून परावर्तित होणारी ऊर्जा मोजतो. या मापनापासून पिकाच्या नावापर्यंत पोहोचण्यासाठी पिकाचा कालक्रम, स्थानिक पीकपद्धती आणि क्षेत्रीय पडताळणी यांची जोड द्यावी लागते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे टप्पे महाराष्ट्रातील उदाहरणांच्या साहाय्याने स्पष्ट केले असून, जिल्हा पातळीवर विश्वासार्ह ठरणारे अनुमान एका गट क्रमांकाच्या पातळीवर तितकेच विश्वासार्ह का ठरत नाही, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सुदूर संवेदन, वनस्पती निर्देशांक, भूमी उपयोजन, दुष्काळ निर्धारण, क्षेत्रीय पडताळणी.

१. प्रस्तावना

दिनांक ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांपैकी ११२ तालुक्यांत तो गंभीर, तर ३९ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा असल्याचे ठरविण्यात आले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर याच पद्धतीने ४० तालुके जाहीर झाले. अशा घोषणेबरोबर जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाचे पुनर्गठन, कृषी पंपांच्या वीज देयकात सवलत, रोजगार हमी योजनेच्या निकषांत शिथिलता आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी अशा सवलती लागू होतात. म्हणजेच महाविद्यालयाच्या कार्यालयात एखाद्या विद्यार्थ्याचे परीक्षा शुल्क घ्यावयाचे की नाही, हा प्रश्नही त्याच्या तालुक्याच्या दुष्काळविषयक निर्देशकांशी जोडलेला असतो.

महाराष्ट्रात दुष्काळी परिस्थितीचा विचार दीर्घकाळ पैसेवारीच्या आधारे होत असे. निवडलेल्या शेतांतील पीक कापणीवरून गावाच्या उत्पन्नाचे प्रमाण काढले जाई आणि ते ५० पैशांपेक्षा कमी आल्यास गाव टंचाईग्रस्त मानले जाई. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने या निर्णयात पर्जन्यमान, पेरणी क्षेत्र, मृद आर्द्रता आणि जलस्थिती यांच्या जोडीने उपग्रहाधारित वनस्पती निर्देशांकांना स्थान दिले. मोजमापाची जागा शिवारातून अवकाशात गेली, असे वरवर पाहता वाटते. वस्तुस्थिती मात्र अशी की, अवकाशातील मोजमापाला अर्थ प्राप्त होतो तो शिवारातील निरीक्षणामुळेच. हे नाते नेमके कसे आहे, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट होय.

२. भारतातील वाटचाल

भारतात सुदूर संवेदनाचा प्रारंभ शेतीच्याच प्रश्नातून झाला, ही लक्षणीय बाब आहे. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळमधील नारळाच्या बागांची अवरक्त किरणांना संवेदनशील असलेल्या फिल्मवर हवाई छायाचित्रे घेण्यात आली. मूळ-मर रोगाने ग्रस्त झालेली झाडे निरोगी झाडांपासून वेगळी ओळखता येतात, हे त्यातून दिसून आले. १९७२ मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह प्रक्षेपित झाला. १७ मार्च १९८८ रोजी बैकोनूर येथून आय.आर.एस.-१ए हा भारताचा पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली.

पुढील काळात रिसोर्ससॅट-१ (२००३), रिसोर्ससॅट-२ (२०११) आणि रिसोर्ससॅट-२ए (२०१६) या उपग्रहांनी शेतीविषयक निरीक्षणांना सातत्य दिले. पेरणीपूर्व अंदाजापासून काढणीपर्यंत टप्प्याटप्प्याने उत्पादनाची अनुमाने मांडणारा ‘फसल’ हा कार्यक्रम २००६ मध्ये सुरू झाला आणि या कामासाठी २०१२ मध्ये नवी दिल्ली येथे महालनोबिस राष्ट्रीय पीक अनुमान केंद्र स्थापन झाले. २००८ मध्ये लँडसॅटच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या झाल्या. त्यानंतर युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतील पहिले दोन उपग्रह २०१५ व २०१७ मध्ये प्रक्षेपित झाले आणि दहा मीटर विभेदनाच्या प्रतिमा दर पाच दिवसांनी विनामूल्य मिळू लागल्या. मोठ्या संस्थांपुरते मर्यादित असलेले हे क्षेत्र त्यामुळे सामान्य महाविद्यालयाच्याही आवाक्यात आले.

३. प्रतिमेत पीक कसे उमटते

हिरव्या पानातील हरितद्रव्य प्रकाशसंश्लेषणासाठी सूर्यप्रकाशातील तांबड्या किरणांचे मोठ्या प्रमाणावर शोषण करते. याउलट, पानाच्या अंतर्गत पेशीरचनेमुळे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परावर्तित होतात. हे किरण मानवी डोळ्यांना दिसत नाहीत, संवेदक मात्र ते मोजतो. त्यामुळे जोमदार पीक तांबड्या पट्ट्यात गडद आणि निकट-अवरक्त पट्ट्यात उजळ दिसते. उघड्या जमिनीत हा फरक अल्प असतो, तर पाण्यात तो उलट दिशेचा असतो.

या फरकावर सामान्यीकृत फरक वनस्पती निर्देशांक आधारलेला आहे. निकट-अवरक्त परावर्तनातून तांबडे परावर्तन वजा करून येणाऱ्या संख्येस त्या दोहोंच्या बेरजेने भागल्यास हा निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, भरात असलेल्या पिकाचे निकट-अवरक्त परावर्तन ०.४५ आणि तांबडे परावर्तन ०.०५ असल्यास निर्देशांक ०.४० भागिले ०.५०, म्हणजे ०.८० येतो. नांगरलेल्या जमिनीची हीच मूल्ये ०.१८ आणि ०.१२ असल्यास निर्देशांक ०.०६ भागिले ०.३०, म्हणजे ०.२० येतो. पीक उगवून वाढू लागले की निर्देशांक चढतो, फुलोऱ्याच्या सुमारास शिखर गाठतो आणि पक्वतेकडे झुकताना उतरतो.

येथे एक मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. निर्देशांक हिरवेपणा सांगतो, पिकाचे नाव सांगत नाही. तणाने भरलेले शेत, वेड्या बाभळीचे रान आणि जोमदार सोयाबीन यांची एखाद्या दिवसाची मूल्ये एकसारखी असू शकतात. तसेच हिरवेपणा म्हणजे उत्पन्न नव्हे. ऑक्टोबर २०१९ मधील अवेळी पावसाने महाराष्ट्रातील काढणीस आलेल्या व काढून ठेवलेल्या सोयाबीनचे मोठे नुकसान झाले. त्या अवस्थेत पीक वाळलेलेच असते आणि निर्देशांक स्वाभाविकपणे खाली आलेला असतो. शेंगांना फुटलेले कोंब किंवा भिजलेली गंजी या निर्देशांकात वेगळी नोंदली जात नाही. ज्या शेतकऱ्याचे पीक ऐन काढणीत गेले, त्याचे नुकसान वनस्पती निर्देशांकाच्या आलेखावर जवळजवळ अदृश्यच राहते.

४. पिक्सेल आणि गुंठा

प्रतिमेचा सर्वांत लहान घटक म्हणजे पिक्सेल. त्याच्या आकारावरून कोणत्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रतिमेतून मिळू शकते, हे ठरते. महाराष्ट्रातील वाचकास हा आकार समजून घेण्यास एक सोयीचे परिमाण उपलब्ध आहे. सेंटिनेल-२ च्या दहा मीटर विभेदनाचा एक पिक्सेल १०० चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याचा असतो. एका एकरात असे सुमारे ४० पिक्सेल बसतात. रिसोर्ससॅटवरील लिस-३ संवेदकाचा २३.५ मीटरचा पिक्सेल सुमारे साडेपाच गुंठ्यांचा, तर ५६ मीटरचा ए-वायफस पिक्सेल सुमारे ३१ गुंठ्यांचा होतो. मोडिस संवेदकाचा २५० मीटरचा पिक्सेल सव्वासहा हेक्टर, म्हणजे सुमारे साडेपंधरा एकर व्यापतो.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिवाट क्षेत्र १.३४ हेक्टर होते, आणि तेही बहुधा एका सलग तुकड्यात नसते. अर्थात मोडिसच्या एका पिक्सेलमध्ये अनेक खातेदारांची शेते, बांध, पाणंद आणि विहिरीकाठची झाडे एकत्र मिसळतात. दहा मीटरच्या प्रतिमेतही एक एकराच्या चौरस शेतातील ४० पैकी पूर्णतः शेताच्या आत पडणारे पिक्सेल सुमारे २५ ते ३० च असतात. उर्वरित पिक्सेल बांधावर पडतात आणि त्यांत शेजारच्या पिकाची सरमिसळ होते. वाटण्यांमुळे लांबट पट्ट्यांत विभागलेल्या शेतांत हे प्रमाण आणखी घटते. वीस मीटर रुंदीच्या पट्ट्यात पिक्सेलची एकच शुद्ध रांग मिळणेही कठीण होते.

तथापि, लहान पिक्सेल म्हणजे चांगली प्रतिमा, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. ए-वायफस संवेदक एका फेरीत ७४० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो आणि त्याच भागावर पाच दिवसांनी परततो. लिस-३ चा पट्टा केवळ १४० किलोमीटरचा असून त्याला परतण्यास २४ दिवस लागतात. संपूर्ण मराठवाड्यातील पेरणीची प्रगती पाहावयाची असेल तर वारंवारता अधिक मोलाची ठरते. एखाद्या पाणलोट क्षेत्राचा नकाशा करावयाचा असेल तर सूक्ष्मता मोलाची ठरते. कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, यावरून प्रतिमेची निवड व्हावयास हवी.

५. पिकाची ओळख : एक दिवस नव्हे, संपूर्ण हंगाम

एका तारखेच्या प्रतिमेवरून पिके वेगळी करता येत नसली तरी हंगामभराच्या प्रतिमांची मालिका लावली असता प्रत्येक पिकाची चाल निराळी दिसते. विदर्भ व मराठवाड्यातील खरिपाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. सोयाबीन, कापूस आणि तूर या तिन्ही पिकांची पेरणी पाऊस सुरू झाल्यावर जून-जुलैमध्ये होते आणि ऑगस्टमध्ये तिन्ही शेते हिरवी असतात. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत पक्व होते, त्यामुळे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये त्याचा निर्देशांक वेगाने घसरतो. त्या वेळी कापूस हिरवाच असतो आणि वेचणीच्या काळात हळूहळू उतरतो. तूर डिसेंबरपर्यंत हिरवी राहते. ऑगस्टमध्ये न उलगडणारा भेद ऑक्टोबर आणि डिसेंबर या दोन प्रतिमा जोडताच उलगडतो.

ऊस हे ओळखण्यास तुलनेने सोपे पीक आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू किंवा खोडवा, कोणत्याही प्रकारचा ऊस असला तरी तो दीर्घकाळ शेतात उभा असतो. एप्रिल-मे महिन्यांत इतर शिवार रिकामे असताना उसाचे क्षेत्र हिरवे दिसते. साखर उद्योगाच्या राष्ट्रीय संघटनेकडून जूनच्या सुमारास उपग्रह प्रतिमांवरून ऊस क्षेत्राचा प्राथमिक अंदाज बांधला जातो, तो याच गुणधर्माच्या बळावर. अर्थात उन्हाळी भुईमूग, केळी किंवा सिंचित फळबागा यांच्याशी गोंधळ होण्याची शक्यता तेथेही शिल्लक राहते.

पीकपद्धतीचे स्थानिक ज्ञान नसेल तर ही मालिकाही दिशाभूल करते. नाशिक परिसरातील द्राक्षबागांची ऑक्टोबरमध्ये छाटणी होते. वेलींची पाने जाऊन निर्देशांक अचानक खाली येतो. ज्यास छाटणीची प्रथा ठाऊक नाही, तो विश्लेषक त्यास काढणी किंवा पीकहानी समजेल. सोयाबीनच्या चार-सहा ओळींनंतर तुरीची ओळ घेण्याच्या आंतरपीक पद्धतीत एकाच पिक्सेलमध्ये दोन पिके नांदतात. ऑक्टोबरमध्ये अशा शेताचा निर्देशांक अर्धवट उतरतो आणि संगणकीय वर्गीकरणात ते शेत कधी कापसात, तर कधी ‘इतर’ वर्गात जाते. सातबाऱ्यावर मात्र तेथे दोन पिके नोंदलेली असतात.

६. ढगांचा अडसर आणि रडार

खरिपाची पेरणी व वाढ नेमकी ढगाळ महिन्यांत होत असल्याने प्रकाशीय प्रतिमांना मोठी मर्यादा पडते. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा भंडारा-गोंदिया पट्ट्यात आठवडेच्या आठवडे निरभ्र प्रतिमा मिळत नाही. या अडचणीवर रडार संवेदकांनी उपाय दिला आहे. रडार स्वतः सूक्ष्मलहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींची तीव्रता मोजते. त्यामुळे ढग आणि रात्र या दोहोंचा अडथळा राहत नाही. भारताचे रिसॅट-१ (२०१२) व ई.ओ.एस.-०४ (२०२२) आणि युरोपची सेंटिनेल-१ मालिका यांनी सी पट्ट्यातील अशा प्रतिमा उपलब्ध करून दिल्या आहेत.

भातपिकासाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे. लावणीच्या वेळी खाचरात साचलेले संथ पाणी लहरींना आरशाप्रमाणे दुसरीकडे वळविते, त्यामुळे खाचर प्रतिमेत काळे दिसते. रोपे वाढू लागताच परतीच्या लहरी वाढतात आणि खाचर उजळत जाते. काळ्याकडून उजळाकडे जाणारी ही चाल म्हणजे भातलावणीची खूण होय. तथापि, सह्याद्रीच्या तीव्र उतारांवर रडारच्या तिरप्या दृष्टीमुळे प्रतिमेत छाया व विरूपण निर्माण होते, आणि कोकणातील लहान खाचरे त्यात हरवण्याचा संभव असतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील महापुराच्या वेळी पूरक्षेत्राचे नकाशे करण्यासाठी रडार प्रतिमांचा आधार घेण्यात आला. उघडे पाणी त्यात स्पष्ट दिसते. मात्र उंच उभ्या पिकात पाणी शिरले असता लहरी पाणी आणि खोड या दोहोंवर आदळून परत येऊ शकतात, त्यामुळे असे शेत पाण्याखाली असूनही काळे दिसेलच असे नाही. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झालेल्या निसार या भारत-अमेरिका संयुक्त उपग्रहावर सी पट्ट्यापेक्षा लांब तरंगलांबीचे एल आणि एस पट्टे आहेत. लांब लहरी पिकाच्या आच्छादनात अधिक खोलवर शिरत असल्याने मृद आर्द्रता व दाट पिकाखालील पाणी यांच्या अभ्यासास त्यांचा उपयोग अपेक्षित आहे.

७. भूमी आच्छादन आणि भूमी उपयोजन

भूगोलाच्या अध्यापनात या दोन संज्ञा अनेकदा एकत्र उच्चारल्या जातात, परंतु सुदूर संवेदनाच्या संदर्भात त्यांतील भेद मूलभूत आहे. भूमी आच्छादन म्हणजे जमिनीवर भौतिकदृष्ट्या जे आहे ते, म्हणजे गवत, पाणी, झाडे, बांधकाम इत्यादी. भूमी उपयोजन म्हणजे मनुष्य त्या जमिनीचा कशासाठी वापर करतो ते. प्रतिमेत आच्छादन दिसते, उपयोजनाचे केवळ अनुमान करता येते.

राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २००४-०५ पासून ए-वायफस प्रतिमांच्या आधारे १ : २,५०,००० प्रमाणावर देशाचे भूमी उपयोजन व आच्छादन नकाशे तयार केले. लिस-३ च्या आधारे १ : ५०,००० प्रमाणावरील नकाशेही २००५-०६, २०११-१२ व २०१५-१६ या वर्षांसाठी तयार झाले. नागरीकरण, खारफुटी, जलसाठे व पीकक्षेत्र यांतील बदल जाणण्यासाठी हे नकाशे अत्यंत मोलाचे आहेत. मात्र वर्गांची नावे जेव्हा धोरणाची भाषा बनतात, तेव्हा भेद विसरल्याचे परिणाम दिसू लागतात.

पुणे, सोलापूर, सातारा व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील माळरानांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. उन्हाळ्यात येथील गवत वाळलेले असते आणि मातीचे परावर्तन वरचढ ठरते. २००० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या भारताच्या पडीक भूमी नकाशासंग्रहाच्या वर्गवारीत अशा खुरट्या झुडपांच्या, गवताळ जमिनींचा समावेश पडीक भूमीच्या निरनिराळ्या वर्गांत होतो. प्रत्यक्षात याच माळरानांवर धनगर समाजाचे मेंढपाळ आपले कळप चारतात, आणि लांडगा, खोकड, चिंकारा यांचा अधिवासही येथेच असतो. प्रतिमेतील माप अचूक असते. त्यास दिलेले ‘पडीक’ हे नाव मात्र प्रतिमेतून आलेले नसते, ते वर्गीकरण करणाऱ्याच्या कल्पनेतून येते. एकदा जमीन पडीक ठरली की तिच्यावर वृक्षलागवड किंवा प्रकल्प सुचविणे सोपे जाते आणि चराईचा प्रश्न नकाशाबाहेर राहतो.

८. दुष्काळ निर्धारणातील उपयोग

दुष्काळाच्या मूल्यमापनात वनस्पती निर्देशांकाचे निव्वळ मूल्य पुरेसे नसते, कारण सोलापूरचा सप्टेंबर आणि भंडाऱ्याचा सप्टेंबर यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून वनस्पती स्थिती निर्देशांक वापरला जातो. एखाद्या ठिकाणी त्याच कालखंडात मागील अनेक वर्षांत नोंदलेल्या किमान व कमाल मूल्यांच्या दरम्यान चालू वर्षाचे मूल्य कोठे पडते, हे तो शेकड्यात सांगतो. समजा, एका तालुक्यात सप्टेंबरमधील आजवरचे किमान मूल्य ०.३०, कमाल ०.७० आणि यंदाचे ०.४२ आहे. अशा वेळी हा निर्देशांक ०.१२ भागिले ०.४०, म्हणजे ३० टक्के येईल. २०१६ च्या संहितेनुसार ६० ते १०० ही स्थिती चांगली, ४० ते ६० साधारण आणि ४० पेक्षा कमी ही वाईट मानली जाते.

या पद्धतीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. ती सर्व तालुक्यांना एकच माप लावते, तिच्यात स्थानिक दडपणास वाव कमी असतो आणि तिचा इतिहास पडताळून पाहता येतो. तरीही सरासरीत काय लपते, हे पाहणे अगत्याचे आहे. उदाहरणादाखल असा एक तालुका कल्पिता येईल की, ज्याचा पश्चिम अर्धा भाग कालव्याच्या लाभक्षेत्रात असून तेथे ऊस आहे, तर पूर्वेचा अर्धा भाग कोरडवाहू आहे. पश्चिमेचा निर्देशांक ७० आणि पूर्वेचा २५ असल्यास तालुक्याची सरासरी ४७.५ येईल आणि तालुका ‘साधारण’ ठरेल. पूर्वेकडील शेतकऱ्याच्या शेतात काहीही नसताना त्याच्या वाट्यास कालव्याखालील हिरवेपणा येतो. या दोषाचे निवारण करण्यासाठी सिंचित ऊस व फळबागा वगळून केवळ कोरडवाहू खरीप क्षेत्राची मूल्ये काढणे, तसेच तालुक्याऐवजी महसूल मंडळ हा घटक घेणे, हे मार्ग आहेत.

संहितेने यासाठीच क्षेत्रीय पडताळणीची तरतूद केली आहे. निर्देशक दुष्काळाकडे बोट दाखवीत असतील तर तालुक्यातील १० टक्के गावे यादृच्छिक पद्धतीने निवडून तेथील पिकांची प्रत्यक्ष पाहणी करावयाची असते. २०१८ मध्ये प्रथम १८० तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली आणि अंतिम घोषणेत १५१ तालुके राहिले. प्राथमिक निष्कर्ष व अंतिम निर्णय यांत अंतर राहू शकते, हे त्यावरून दिसते. पडताळणी हा उपचार नसून निर्णयाचा गाभा आहे.

९. अचूकतेचा प्रश्न : जिल्हा आणि गट क्रमांक

वर्गीकरणाची अचूकता तपासण्यासाठी प्रतिमेवरून काढलेले पीक आणि प्रत्यक्ष जागेवरील पीक यांची तुलना केली जाते. या तुलनेतील एक सूक्ष्म बाब बहुधा दुर्लक्षित राहते. ती स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल.

समजा, एका परिसरात सोयाबीनचे प्रत्यक्ष क्षेत्र १,००० हेक्टर आहे. प्रतिमेच्या वर्गीकरणात त्यांपैकी ८५० हेक्टर अचूक ओळखले गेले आणि १५० हेक्टर चुकून इतर पिकांत गेले. त्याच वेळी इतर पिकांचे १४० हेक्टर चुकून सोयाबीनमध्ये आले. प्रतिमेवरून मिळणारे एकूण सोयाबीन क्षेत्र ९९० हेक्टर होईल. एकूण क्षेत्रातील त्रुटी केवळ एक टक्का असून, उत्पादनाच्या अनुमानासाठी किंवा आयात-निर्यातीच्या धोरणासाठी हा आकडा उत्तम आहे. परंतु १५० हेक्टरवरील शेतकऱ्यांचे सोयाबीन या नकाशात अस्तित्वातच नाही. बेरजेत चुका परस्परांना छेदतात, खातेदारांच्या बाबतीत त्या छेदत नाहीत. एकाचे वगळले गेलेले शेत दुसऱ्याच्या जादा धरलेल्या शेताने भरून निघत नाही.

हा भेद पीक विम्याच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. २०१६ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री पीक विमा योजना मुख्यतः क्षेत्र घटकावर आधारित आहे. अधिसूचित क्षेत्रातील पीक कापणी प्रयोगांवरून सरासरी उत्पादन काढले जाते. २०२३ च्या खरिपापासून भात व गहू या पिकांसाठी तंत्रज्ञानाधारित उत्पादन अनुमानास किमान ३० टक्के भारांक देण्याची पद्धत सुरू झाली. कापणी प्रयोगांतील विलंब व वाद लक्षात घेता या बदलामागील हेतू समजण्याजोगा आहे. मात्र क्षेत्र घटकासाठी तयार झालेले अनुमान एखाद्या शेतकऱ्याच्या दाव्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाऊ लागले, तर प्रमाणाचा मूलभूत नियम मोडला जातो. ज्या प्रमाणावर अनुमानाची अचूकता तपासली आहे, त्याच प्रमाणावर त्याचा उपयोग व्हावयास हवा.

१०. क्षेत्रीय माहिती आणि महाविद्यालयांची भूमिका

प्रतिमा आता मुबलक आहेत. उणीव आहे ती विश्वसनीय क्षेत्रीय माहितीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली असून शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून पिकाचे छायाचित्र व स्थान नोंदवितो आणि ती नोंद गाव नमुना बारामध्ये जाते. वर्गीकरणासाठी ही मोठी शिदोरी आहे. परंतु नोंदी चुकीच्या असतील आणि त्यांवरच संगणकास शिकविले गेले, तर संगणक त्या चुकाच शिकेल. पुढे त्याच नोंदी पडताळणीसाठी वापरल्यास अचूकता उत्तम दिसेल आणि चूक कायम राहील. म्हणून काही प्रमाणात स्वतंत्र निरीक्षणे असणे अनिवार्य आहे.

या ठिकाणी ग्रामीण महाविद्यालयांना अर्थपूर्ण कार्य करता येण्यासारखे आहे. सेंटिनेलच्या प्रतिमा व क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली विनामूल्य उपलब्ध असून, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘भुवन’ हे संकेतस्थळही उपयुक्त आहे. भूगोल, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी एकत्रितपणे पुढील उपक्रम हाती घेणे शक्य आहे :

(अ) परिसरातील निश्चित केलेल्या शेतांची दर पंधरवड्यास पाहणी करून पीक, वाढीची अवस्था, आंतरपीक व काढणीची तारीख नोंदविणे.
(आ) शेते यादृच्छिक पद्धतीने निवडणे; केवळ रस्त्यालगतची शेते घेतल्यास बागायती क्षेत्राचा वाटा फुगतो, हे विद्यार्थ्यांस उदाहरणाने पटवून देणे.
(इ) त्याच शेतांचे निर्देशांक प्रतिमांवरून काढून दोहोंची तुलना करणे आणि विसंगतीची कारणे शोधणे.
(ई) माळराने, गायराने व पाणंदी यांच्या उपयोजनाची माहिती ग्रामस्थांशी बोलून संकलित करणे.

शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्यास पेरणी, छाटणी, खोडवा यांचे ज्ञान उपजत असते. प्रयोगशाळेत बसलेल्या विश्लेषकाकडे नेमके तेच नसते. या ज्ञानाची शिस्तबद्ध नोंद झाल्यास ते प्रतिमेइतकेच मौल्यवान ठरते.

११. निष्कर्ष

उपग्रह प्रतिमा विस्तीर्ण प्रदेशाचे नियमित, समान आणि पडताळण्याजोगे चित्र देतात. पेरणीची प्रगती, पीकक्षेत्राचे अनुमान, पुराची व्याप्ती आणि भूमी आच्छादनातील बदल यांसाठी त्यांना समर्थ पर्याय नाही. तथापि, संवेदक परावर्तन मोजतो. त्यास सोयाबीन, दुष्काळ किंवा पडीक ही नावे माणसे देतात. नाव देताना पिकाचा कालक्रम, स्थानिक पद्धती आणि प्रत्यक्ष पाहणी यांचा आधार सुटला तर मापन अचूक असूनही निर्णय अन्यायकारक होऊ शकतो. जिल्ह्याच्या बेरजेसाठी योग्य असलेली प्रतिमा एका खातेदाराच्या हक्काचा निवाडा करण्यास पुरेशी नसते. पैसेवारीच्या काळात गावाच्या शिवारात जाऊन पीक पाहणे आवश्यक होते. उपग्रहाच्या काळातही ती आवश्यकता संपलेली नाही, केवळ कोणत्या शिवारात आणि केव्हा जावयाचे, हे आता अधिक नेमकेपणाने ठरविता येते.